कूलर, ड्राफ्टर आणि शेवटची एसटी: तालुक्याच्या कॉलेजसाठी खरेदी-विक्रीचं अ‍ॅप

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दारव्ह्यातल्या भाड्याच्या खोल्यांच्या एखाद्या गल्लीतून चक्कर मारा. उन्हाळी परीक्षेचे शेवटचे पेपर चालू असतात, पोट्टे सामान बांधत असतात आणि दारादारांत लोखंडी कूलर उभे असतात. एसटीत कूलर चढत नाही, टेम्पो परवडत नाही. मग तो घरमालकाकडे फुकटात राहतो, नाहीतर भंगारवाला किलोवर उचलून नेतो. आणि मागच्याच गल्लीत, ज्याला अजून दोन उन्हाळे इथेच काढायचे आहेत असं एखादं पोरगं ओला टॉवेल अंगावर घेऊन झोपतं.

आमचं अ‍ॅप या कूलरपासून सुरू झालं. बीसीएच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून आम्ही तिघांनी ते केलं, पुढे तीन वर्षं चालवलं, मध्ये एकदा पूर्ण पाडून पुन्हा बांधलं. दारव्हा हे यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण. तिथे जे चाललं ते वाशीम, बुलढाणा, गडचिरोलीकडेही थोड्याफार फरकानं चालेल, म्हणून क्रमानं लिहितो. फ्लटर हे मोबाइलचे प्रोग्रॅम बांधायचं साधन कसं बसवायचं, बटण कसं काढायचं याचे व्हिडिओ ढिगानं आहेत. ते तिथून शिका.

पहिला महिना वहीत

लॅपटॉप उघडायच्या आधी शंभर पानी वही घ्या आणि कॉलेजचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढा. ज्याला विकायचं आहे तो फोटो आणि भाव टाकेल, ज्याला घ्यायचं आहे तो तुम्हाला सांगेल, भेट तुम्ही घालून द्याल. प्रत्येक व्यवहाराची एक ओळ लिहायची: वस्तू, मागितलेला भाव, ठरलेला भाव, कुठे दिली, किती दिवस लागले आणि फिसकटलं असेल तर का. शेवटचा रकाना मोठा आखा. सगळं शहाणपण तिथेच जमा होतं.

आम्हाला वाटलं होतं लोक भावावरून अडतील. वही वेगळंच सांगत होती. पॉलिटेक्निकच्या एका मुलीला तिचा ड्राफ्टर, म्हणजे इंजिनिअरिंग ड्रॉइंगची पट्टी, विकायचा होता. भाव ठरला, घेणारा ठरला. पण ती दिग्रस रस्त्यावरच्या गावातून येऊन-जाऊन करायची आणि तिची सोयीची गाडी सव्वाचारला. घेणाऱ्याचं प्रॅक्टिकल पाचला सुटायचं. सकाळी ती यायची तेव्हा तो अजून रूमवर. तीन दिवस दोघं एकमेकांना चुकवत राहिले, चौथ्या दिवशी त्यानं स्टेशनरीच्या दुकानातून नवा घेतला. एसटी आडवी आली, बस. वहीतले फिसकटलेले बहुतेक व्यवहार असेच निघाले.

त्यावरून आम्ही जो निर्णय घेतला त्यानंच अ‍ॅप तगलं. जाहिरातीत फोटो आणि भाव जितके सक्तीचे, तितकीच हातोहात देण्याची जागा, वार आणि वेळ सक्तीची. ‘सोमवार ते शुक्रवार, दुपारी दीड ते दोन, लायब्ररीच्या पायऱ्या’ असं विकणाऱ्यानं आधीच लिहायचं. घेणाराही आपली गाडी कधीची ते एकदा नोंदवतो. मग यादीत ज्या वस्तूंची वेळ त्याला जमते त्या वर येतात. मोठ्या शहरासाठी बनवलेल्या कुठल्याही अ‍ॅपमध्ये हे नसतं, कारण तिथल्या लोकांना मुक्कामी गाडी चुकण्याची धास्ती नसते.

वहीतून दुसरी गोष्ट कळते ती हंगामाची. सेमिस्टर लागताना पुस्तकं, अ‍ॅप्रन, कॅल्क्युलेटर, फेब्रुवारी-मार्चमध्ये कूलर, मेमध्ये खाट, गादी, बादली, सायकल. आणि पैसा मात्र दिवाळीच्या पुढेमागे, सोयाबीन-कापूस विकल्यावर. ‘सोयाबीन निघालं की देतो’ हे वाक्य तुम्ही इतक्यांदा ऐकाल की उधारीची सोय अ‍ॅपमध्ये द्यावीशी वाटेल. देऊ नका. उधारी दोघांच्या ओळखीवर चालते, अ‍ॅपनं ती लिहून ठेवली की वसुलीला तुमच्याच दारात येतात.

काय घ्यायचं, काय नाही

पहिल्या वर्षी फक्त वापरलेल्या वस्तू. पुस्तकांच्या जाहिरातीत अभ्यासक्रमाचं वर्ष नक्की विचारा. संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीचे अभ्यासक्रम बदलत गेले, आणि ‘बीकॉम पहिलं वर्ष, चांगल्या स्थितीत’ एवढ्या वर्णनावर पुस्तक घेतलेल्याला घरी गेल्यावर कळतं की निम्मे धडे आता नाहीतच. विद्यापीठ, शाखा, सेमिस्टर, अभ्यासक्रमाचं वर्ष असे चार रकाने द्या. अमरावती आणि नागपूर विद्यापीठाच्या सीमेवरच्या गावांत तर विद्यापीठाचं नाव सगळ्यात आधी.

मोबाइल आम्ही घेत नाही. चोरीचा निघाला तर विकणाऱ्यापेक्षा आमच्याकडे आधी बोट दाखवलं जाईल. तुम्हाला घ्यायचाच असेल तर बिलाचा फोटो सक्तीचा करा आणि संचार साथी पोर्टलवर फोनचा आयएमईआय (ओळख) नंबर तपासून घ्यायची सूचना जाहिरातीतच छापा. डबा, मेस, खाद्यपदार्थ नको. त्यात अन्नसुरक्षेची नोंदणी येते. आणि पहिल्याच आठवड्यात कोणीतरी ‘लिहून तयार प्रॅक्टिकल रेकॉर्ड’ विकायला टाकणार, सुंदर अक्षरात, आकृत्यांसकट. आमच्याकडे त्याला जितक्या चौकशा आल्या तितक्या कूलरलाही आल्या नाहीत. काढून टाका, नाहीतर प्राचार्यांच्या केबिनमध्ये उभं राहावं लागेल.

घरपोच सेवा नको. पैसेही आपल्या हातातून जाऊ द्यायचे नाहीत, याचं कारण पुढे कायद्याच्या भागात येईल.

तक्ते कागदावर आखा

डीबीएमएसच्या (डेटाबेसच्या) तासाला जे शिकलात ते इथे कामाला येतं. पाच तक्ते पुरतात: सदस्य, वस्तू, मागणी, संदेश, तक्रार. ‘मागणी’ म्हणजे ‘मला हे पाहिजे’ असं टाकणाऱ्यांची नोंद. ती बहुतेक जण विसरतात, पण नव्या अ‍ॅपमध्ये वस्तू कमी असतात, तेव्हा हीच पाटी लोकांना परत आणते.

वस्तूची स्थिती हा रकाना नीट घडवा. उपलब्ध, ठरली, दिली, मुदत संपली. नुसतं ‘उपलब्ध’ आणि ‘विकली’ ठेवलंत तर एकाच सायकलसाठी चौघं लायब्ररीच्या पायऱ्यांवर येऊन उभे राहतात. घेणाऱ्यानं ‘घेतो’ दाबलं आणि विकणाऱ्यानं हो म्हटलं की स्थिती ‘ठरली’, आणि ४८ तासांत भेट झाली नाही तर आपोआप परत ‘उपलब्ध’. सुट्टी मध्ये आली तर ती मोजायची नाही. महिनाभर कोणी हात लावला नाही तर विकणाऱ्याला विचारायचं, अजून आहे का? उत्तर नाही आलं तर जाहिरात खाली. आठ महिन्यांपूर्वीच्या मेलेल्या जाहिरातींनी भरलेली यादी पाहून माणूस दुसऱ्यांदा अ‍ॅप उघडत नाही.

विकणारे दोघं असले, म्हणजे रूम पार्टनरचा सामाईक कूलर, तर दोघंही वेगवेगळ्या फोनवरून वेगवेगळ्या माणसांना हो म्हणू शकतात. ‘आधी स्थिती वाचा, मग बदला’ असं दोन पायऱ्यांत लिहिलंत तर दोन्ही होकार लागतात. एकाच आज्ञेत लिहा: या क्रमांकाच्या वस्तूची स्थिती ‘ठरली’ कर, पण ती आत्ता ‘उपलब्ध’ असेल तरच. मग किती ओळी बदलल्या ते पाहा. एक बदलली तर सौदा लागला, शून्य बदलली तर ‘उशीर झाला, आधीच ठरली’ असं दाखवा. चार शब्दांची अट आहे, पण तिच्यावाचून भांडणं होतात.

कशात बांधायचं

फोनवरचा भाग फ्लटरमध्ये, आणि आधी फक्त अँड्रॉइड. आयफोनवाले वर्गात बोटावर मोजण्याइतके असतात आणि अ‍ॅपलची विकासकाची फी दरवर्षी ९९ डॉलर आहे.

मागची बाजू, म्हणजे जिथे सगळा डेटा साठतो ती, आम्ही पहिल्यांदा गूगलच्या फायरबेस या सेवेवर केली होती. फुकट योजनेत त्याच्या डेटाबेसमधून दिवसाला ५०,००० नोंदी वाचता येतात. आम्हाला ते अमाप वाटलं. यादी आम्ही अशी लिहिली होती की अ‍ॅप उघडलं की सगळ्याच्या सगळ्या वस्तू खाली यायच्या. हिशेब करा: ४०० वस्तू आणि १२५ वेळा अ‍ॅप उघडलं की संपले ५०,०००. प्रवेशाच्या दिवसांत दुपारी बारालाच अ‍ॅप कोरं दिसायला लागलं. चूक सर्वस्वी आमची होती. एकावेळी २० नोंदी आणायच्या, खाली सरकवलं की पुढच्या २०, एवढंच करायचं होतं.

आज सुरू करत असाल तर मी सुपाबेस ही तशीच दुसरी सेवा सांगेन. त्याच्या पोटात पोस्टग्रेस हा डेटाबेस आहे, म्हणजे परीक्षेसाठी पाठ केलेलं एसक्यूएल बहुतेक जसंच्या तसं चालतं, आणि पुढे दुसरीकडे हलवायचं झालं तर डेटा उचलून नेता येतो. फुकट योजनेत डेटाबेसला ५०० एमबी आणि फोटोंना १ जीबी जागा मिळते. दोन गोष्टी सांभाळा. आठवडाभर कोणी वापरलं नाही तर फुकटातला प्रकल्प थांबवून ठेवतात. दिवाळीच्या सुट्टीत आठवणीनं उघडत राहा. दुसरी जास्त गंभीर. प्रत्येक तक्त्यावर रो लेव्हल सिक्युरिटी चालू करा आणि कोण कोणती ओळ वाचू किंवा बदलू शकतो याचे नियम लिहा. अ‍ॅपमधली सार्वजनिक किल्ली, म्हणजे डेटाबेसशी जोडणारा कोड, कोणीही काढू शकतो. नियम नसतील तर मुलींच्या संदेशांसकट सगळा तक्ता बाहेर जातो.

आता फोटो, कारण खेड्यात अ‍ॅप जगतं किंवा मरतं ते फोटोंवर. फोनचा फोटो सहज ३ ते ४ एमबीचा असतो. बसमधून जाताना रेंज येते-जाते, आणि असा फोटो चढवताना पोरगं कंटाळून फोन खिशात टाकतं. चढवण्याआधी फोनवरच त्याची लांब बाजू १,०८० पिक्सेलवर आणा आणि दर्जा ७० टक्क्यांवर. साधारण १५० केबी होतो. त्यासोबत यादीसाठी २० केबीचा एक छोटा फोटो बनवा. फरक किती पडतो बघा. सुपाबेसच्या फुकट योजनेत महिन्याला ५ जीबी डेटा बाहेर जाऊ शकतो. ३०० विद्यार्थी रोज एकदा यादी उघडतात आणि २० वस्तू दिसतात असं धरा. छोट्या फोटोंची एक यादी ४०० केबी, म्हणजे महिन्याचे साडेतीन-पावणेचार जीबी, भागलं. मोठे फोटो दाखवलेत तर तीच यादी ३ एमबी, आणि ५ जीबी सहाव्या दिवशी खलास. एकदा आलेला फोटो फोनवर साठवून ठेवलात तर आणखी वाचतात. अर्धवट भरलेली जाहिरातही फोनवरच जपून ठेवा आणि रेंज आली की चढवा. फाट्यावर उतरून घरापर्यंत चालत जाताना लिहिलेली जाहिरात हरवली की माणूस ती पुन्हा लिहीत नाही.

मराठी लिहिणाऱ्यांसाठी थोडं जादा काम

उद्घाटनाच्या दुसऱ्याच दिवशी एका ज्युनिअरचा फोन आला. “दादा, भाव टाकला का अ‍ॅप बंदच पडून राहिलं.” आमच्या फोनवर सगळं ठीक होतं. दोन तासांनी कळलं, त्याचा कीबोर्ड मराठी होता आणि तो भाव ‘५००’ असा देवनागरीत टाकत होता. फ्लटरची भाषा डार्ट, तिच्यातला आकडा वाचणारा साधा आदेश फक्त इंग्रजी अंक ओळखतो. देवनागरी आले की त्रुटी फेकतो. भाव, फोन, पिन कोड, जिथे जिथे आकडा आहे तिथे आधी ० ते ९ इंग्रजी अंकांत बदलून घ्या.

शोधाचंही तसंच. लोक ‘कूलर’, ‘कुलर’ आणि रोमन अक्षरांत तीन तऱ्हांनी लिहितात. ‘दुसऱ्या’ हा शब्द पडद्यावर सारखाच दिसतो, पण कीबोर्डप्रमाणे त्यातला अर्धा ‘र’ वेगवेगळ्या संकेतांनी साठवला जातो, आणि संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. आम्ही वस्तूच्या तक्त्यात एक लपलेला शोध-रकाना ठेवला. त्यात नाव भरताना ह्रस्व-दीर्घ एक करायचं, ‘ऱ्य’ची सगळी रूपं एकाच रूपात आणायची, अदृश्य जोडचिन्हं काढायची. शोधणाऱ्याच्या शब्दावरही हीच क्रिया. वर हातानं केलेली समानार्थी यादी: खाट-पलंग-कॉट, सायकल-रेंजर, कॅल्क्युलेटर-कॅल्सी. दोनशे शब्दांत भागतं.

ओळख, आणि मुलींचा प्रश्न

एसएमएसनं ओटीपी पाठवायला प्रत्येक संदेशाला पैसे पडतात. प्रत्येक अँड्रॉइडवर गूगल खातं असतंच, त्यानं लॉगिन द्या. पण ते खातं आपल्याच कॉलेजच्या मुलाचं आहे हे कसं कळणार? ओळखपत्राचा फोटो मागायचा मोह होतो. आधार तर कधीच मागू नका. जे साठवलंच नाही ते चोरीला जात नाही. आम्ही वर्गाच्या प्रतिनिधीला निमंत्रणाचे कोड दिले. तो आपल्या वर्गातल्यांनाच देतो आणि कोणाच्या कोडवरून कोण आलं ते नोंदलं जातं. तालुक्याच्या कॉलेजात सगळे एकमेकांना ओळखतात, त्याचा हा फायदा.

पहिल्या आवृत्तीत आम्ही विकणाऱ्याचा फोन नंबर जाहिरातीत दाखवत होतो. पंधरवड्यात मुलींनी जाहिराती टाकणं बंद केलं. विचारलं तेव्हा एकीनं सांगितलं, पुस्तकाची चौकशी एक येते आणि ‘जेवलीस का’ वाले दहा. त्याच रात्री नंबर काढले. बोलणं अ‍ॅपमधल्या संदेशांतच, नाव फक्त पहिलं, आणि प्रत्येक संदेशाशेजारी ‘अडवा’ आणि ‘तक्रार करा’ ही बटणं. भेटीच्या जागा मोकळ्या लिहू न देता निवडायला द्या: लायब्ररीच्या पायऱ्या, कॅन्टीन, ऑफिससमोरचा कट्टा, बसस्थानकाची चौकशी खिडकी. दिवसाउजेडीच्याच वेळा. रूमवर बोलावणारा संदेश आला की खातं बंद, त्यावर चर्चा नाही. कूलर किंवा खाट रूमवरूनच उचलावी लागते, तिथे सोबत कोणाला तरी घेऊन जा असं अ‍ॅपनं स्वतः सांगावं. आणि तक्रारी बघणाऱ्यांत एक मुलगी हवीच. आमच्यात नव्हती, म्हणून पहिले पंधरा दिवस आम्हाला काही कळलं नाही.

फसवणुकीची एक ओळ संदेशांच्या डोक्यावर कायमची छापा: पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. ‘तुमचा कूलर घेतो, हा क्यूआर स्कॅन करा म्हणजे पैसे येतील’ हा डाव तालुक्यापर्यंत कधीच पोचला आहे. खाली १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर.

कायदा, थोडक्यात

घेणाऱ्याचे पैसे आधी तुमच्या खात्यात आणि मग विकणाऱ्याला, असं केलंत की जीएसटी कायद्याच्या कलम ५२ खाली कर गोळा करणारे ई-कॉमर्स ऑपरेटर होण्याचा प्रश्न येतो, वर रिझर्व्ह बँकेचे पेमेंटचे नियम. म्हणून वस्तू हातात बघून समोरासमोर रोख किंवा यूपीआय.

व्यक्तिगत डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. त्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालक आहे आणि त्याचा डेटा घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. आपल्याकडे एकाच आवारात अकरावी-बारावीही भरते. त्यांना आत घेण्याच्या भानगडीत पडू नका. वय १८ पूर्ण असेल तरच खातं. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क अ‍ॅपमध्ये दाखवावा लागतो आणि तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी लागते. तो अधिकारी म्हणजे तुम्हीच.

प्ले स्टोअर

विकासकाच्या खात्याची फी एकदाच, २५ डॉलर. आधी बँकेत विचारून कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून घ्या. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेल्या वैयक्तिक खात्याला अ‍ॅप सगळ्यांसाठी उघडण्याआधी बंद चाचणी, म्हणजे निवडक लोकांपुरती चाचणी, घ्यावी लागते: किमान १२ जण, सलग १४ दिवस. सलग हा शब्द महत्त्वाचा. मोजून बाराच घेतलेत आणि एक जण बाहेर पडला की घोळ होतो. अठरा-वीस घ्या, आणि सुट्ट्यांत चाचणी लावू नका. गोपनीयता धोरणाचं पान, डेटा सुरक्षेचा फॉर्म, आणि खातं कायमचं पुसायची सोय अ‍ॅपमध्ये तसंच वेबवर, हे सगळं गूगल मागतं. लोक एकमेकांना लिहितात अशा अ‍ॅपमध्ये तक्रार आणि अडवण्याची सोयही मागतं, ती तुम्ही आधीच केली आहे.

उघडायचं कधी, वाढायचं कुठे

रिकामं दुकान उघडू नका. आधी आठवडाभर फिरून साठ-सत्तर जाहिराती स्वतः टाका. रूमवर जाऊन फोटो काढा, भाव सुचवा. मग सेमिस्टर लागल्यावर फाटकाजवळ टेबल टाकून बसा आणि पहिल्या वर्षाच्या मुलांच्या फोनमध्ये अ‍ॅप घालून द्या. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस बघून येतात त्यापेक्षा टेबलावरून आलेले टिकतात.

एक कॉलेज भरलं की त्याच गावातलं दुसरं. त्यानंतर जिल्हाभर उडी मारू नका, एसटीच्या रस्त्यानं वाढा. दिग्रस-दारव्हा-यवतमाळ हा एक धागा आहे, कारण त्यावर रोज येणारी-जाणारी पोरं आहेत आणि ती पुस्तकाची पिशवी पोचवू शकतात. नकाशावर आर्णी जवळ दिसतं म्हणून आम्ही तिकडे गेलो होतो. दोन महिन्यांत एकही वस्तू इकडून तिकडे गेली नाही.

कमाईचं विचाराल तर आमचा खर्च झेरॉक्सवाले, मेसवाले आणि सायकल दुरुस्तीवाले यांच्या छोट्या जाहिरातींतून निघत असे, त्यापलीकडे काही नाही. विकणाऱ्याकडून कमिशन घेऊ नका. व्यवहार समोरासमोर आहे, ते तुम्हाला वगळून करतील आणि ‘दिली’चं बटणही दाबणार नाहीत.

शेवटचं काम पहिल्याच वर्षी करून ठेवा. प्ले स्टोअर, सुपाबेस आणि गूगल खातं हे तिन्ही एखाद्या सिनिअरच्या खासगी ईमेलवर असतं, तो पास होऊन पुण्याला जातो, फोन बदलतो, आणि अ‍ॅप तिथेच गोठतं. अ‍ॅपसाठी वेगळं ईमेल काढा, त्याचा रिकव्हरी नंबर विभागातल्या एखाद्या सरांचा ठेवा, आणि दुसऱ्या वर्षाच्या दोन मुलांना जानेवारीपासूनच तक्रारी बघायला बसवा, म्हणजे मेमध्ये कूलर बाहेर येतील तेव्हा त्यांचा हात बसलेला असेल. आमची शंभर पानी वहीही त्यांच्याकडेच आहे. फिसकटल्याचा रकाना अजून हातानंच भरतात.